व्हिएन्नात राहायला येताना: घर कुठे शोधावे आणि पाहुण्यांना काय दाखवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पतीची नोकरी ऑक्टोबरपासून व्हिएन्नात सुरू होत आहे, कार्यालय डोनाउ सिटीत आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, पहिला महिना कंपनीने दिलेल्या सदनिकेत जाईल आणि त्यानंतरचे घर तुम्हालाच शोधायचे आहे. शिवाय डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्याहून सासूसासरे दहा दिवसांसाठी येणार आहेत. त्यामुळे शहरातला चांगला भाग कोणता आणि पाहण्यासारखे काय आहे, असे तुम्ही एकत्रच विचारले आहे. मी येथे परवानाधारक मार्गदर्शक म्हणून काम करते आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा व नोंदणी यांत मदतही करते. हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे बहुधा वेगवेगळ्या लोकांकडून येतात, पण त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे या शहराची रचना.

'चांगला भाग' हा शब्दप्रयोग व्हिएन्नात फारसा उपयोगी पडत नाही. मुलीला घेऊन राहू नये असा भाग मला येथे दाखवता येणार नाही. फरक पडतो तो भाड्यात, इमारतीच्या वयात, मोकळ्या जागेत आणि मुख्य म्हणजे तुम्ही कोणत्या मेट्रोमार्गावर आहात यात. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत: पतीचा निवास परवाना कोणत्या प्रकारचा आहे, भाड्यासाठी किती रक्कम बाजूला काढता येईल, आणि मुलीला जर्मन माध्यमात घालायचे की इंग्रजी. यांतले शेवटचे आधी ठरवा, कारण घराचा निम्मा निर्णय त्यातच होतो.

आता रचनेविषयी. १५२९ आणि १६८३ या वर्षी तुर्की सैन्याने ज्या तटबंदीला वेढा घातला, ती तटबंदी आजच्या पहिल्या बेझिर्कभोवती (बेझिर्क म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग) होती. तिच्या बाहेर तोफांच्या माऱ्यासाठी रुंद मोकळा पट्टा राखलेला होता. १८५७ साली सम्राट फ्रान्झ योझेफने तट पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या पट्ट्यावर रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता आखला गेला, ज्याचे उद्घाटन १८६५ साली झाले. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ आणि दोन्ही मोठी संग्रहालये या एकाच रस्त्यावर का आहेत, याचे कारण हेच: राजधानीच्या अगदी मध्यभागी एवढी मोठी रिकामी सरकारी जमीन एकाच वेळी उपलब्ध झाली.

याच्याही बाहेर दुसरा तट होता. १७०४ साली हंगेरीकडून होणाऱ्या धाडींपासून बचावासाठी तो घाईने उभारला गेला, परंतु पुढे त्याचा खरा उपयोग जकातीच्या सीमेसारखा झाला. शहरात येणाऱ्या खाद्यपदार्थांवर त्याच्या नाक्यांवर कर घेतला जाई, त्यामुळे तटाच्या आत जगणे महाग आणि बाहेर स्वस्त अशी स्थिती निर्माण झाली. कारखाने वाढले तसे कामगार साहजिकच बाहेर राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा तटही पाडला गेला आणि त्या जागी ग्युर्टेल हा आजचा वर्दळीचा रस्ता झाला. तट गेला, कर गेला, पण त्याने आखलेली आर्थिक रेषा पूर्णपणे पुसली गेली नाही. रिंग आणि ग्युर्टेल यांच्या मधले सहावा, सातवा, आठवा, नववा हे बेझिर्क आजही महाग आहेत, आणि ग्युर्टेल ओलांडून पंधराव्या किंवा सोळाव्या बेझिर्कमध्ये गेल्यावर तितक्याच खोल्यांचे घर बहुधा कमी भाड्यात मिळते. या नियमाला पश्चिमेकडे अपवाद आहेत: तेरावा, अठरावा आणि एकोणिसावा हे ग्युर्टेलबाहेर असूनही, टेकड्या, बागा आणि द्राक्षमळ्यांमुळे, सधनांचे भाग आहेत.

शहरात एकूण २३ बेझिर्क आहेत. पुण्यात शनिवार पेठ किंवा कोथरूड म्हटले की ऐकणाऱ्याला राहणीमानाचा अंदाज येतो, तसा तो येथे क्रमांकावरून येतो, आणि लोक बोलतानाही क्रमांकच सांगतात. क्रमांक ओळखणे सोपे आहे. पिन कोडचे मधले दोन अंक म्हणजे बेझिर्क: १०७० म्हणजे सातवा, १२२० म्हणजे बाविसावा. रस्त्याच्या पाटीवरही नावाआधी तोच क्रमांक असतो. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर घरक्रमांक मध्याकडून सुरू होतात आणि वर्तुळाकार रस्त्यांवर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतात. ही पद्धत १८६२ पासूनची आहे आणि फोनची बॅटरी संपलेली असताना तिचा किती उपयोग होतो ते तुम्हाला कळेलच. पत्त्यात १२/३/१५ असे लिहिलेले दिसले तर पहिला आकडा इमारतीचा, दुसरा जिन्याचा आणि तिसरा दाराचा. मजला त्यात नसतो. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'मेझ्झानिन' नावाचा आणखी एक मजला असू शकतो, म्हणून 'पहिला मजला' प्रत्यक्षात तिसऱ्या पातळीवर निघतो. लिफ्ट नसलेले घर पाहायला जाताना हे आधी विचारून घ्यावे.

तिसरी रेषा डॅन्यूबची. पाहुण्यांची सर्वांत मोठी निराशा हीच असते की नदी मध्यवर्ती भागात दिसत नाही. श्वेडनप्लाट्सजवळ जे पाणी दिसते तो डॅन्यूबचा कालवा, म्हणजे नदीचा जुना फाटा. मुख्य प्रवाह १८७० ते १८७५ या काळात सरळ करून शहराच्या पूर्वेकडून नेला गेला. पुढे १९७२ ते १९८८ या वर्षांत पुराच्या पाण्यासाठी समांतर दुसरा प्रवाह खोदला आणि निघालेल्या मातीतून २१ किलोमीटर लांबीचे, अगदी अरुंद असे बेट तयार झाले. उन्हाळ्यात अर्धे शहर तेथे पोहायला जाते. नदीपलीकडे फक्त दोन बेझिर्क आहेत, एकविसावा आणि बाविसावा, आणि तुमच्या पतीचे कार्यालय यांपैकी बाविसाव्यात आहे. शेजारीच संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारती आहेत, ज्या १९७९ साली सुरू झाल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मुख्यालयही तेथेच आहे, त्यामुळे त्या परिसरात भारतीय कुटुंबे बरीच भेटतात.

म्हणजे तुमच्यापुरते पाहायचे तर कार्यालय यू-१ या लाल मेट्रोमार्गावर, काइझरम्यूलन स्थानकाजवळ आहे, आणि तेथून श्टेफान्सप्लाट्स, म्हणजे शहराचा मध्य, सात-आठ मिनिटांवर आहे. त्यामुळे माझा सल्ला असा की बेझिर्क ठरवू नका, यू-१ चा मार्ग ठरवा. कागरान आणि काइझरम्यूलन येथे नवी घरे, पाणी आणि मोकळे आकाश मिळेल, पण जुन्या व्हिएन्नाचा भास मिळणार नाही. नदीच्या अलीकडे दुसऱ्या बेझिर्कमध्ये, फोरगार्टनश्ट्रासे आणि प्राटरश्टेर्न यांच्या परिसरात, जुन्या मालवाहू रेल्वेयार्डावर नोर्डबाह्नफिअर्टेल ही नवी वसाहत उभी राहिली आहे. लहान मूल असलेल्या कुटुंबांना मी ती प्रथम दाखवते, कारण प्राटरचे विस्तीर्ण उद्यान तेथून चालत जाता येते. दक्षिणेकडे मुख्य रेल्वेस्थानकामागचा झोनवेंडफिअर्टेल, दहाव्या बेझिर्कमध्ये, हाही तसाच आहे. दहाव्याविषयी काही जुने रहिवासी नाके मुरडतात, ते फारसे मनावर घेऊ नये. सातव्या-आठव्या बेझिर्कचे आकर्षण मला समजते, परंतु तेथून रोज मेट्रो बदलून नदीपार जाणे आणि वर जास्त भाडे देणे याला तुमच्या बाबतीत कारण दिसत नाही.

इंग्रजी माध्यम ठरवलेत तर व्हिएन्ना इंटरनॅशनल स्कूल बाविसाव्यातच आहे, म्हणजे पतीचे कार्यालय आणि शाळा नदीच्या एकाच बाजूला येतील. शुल्क कंपनी देणार नसेल तर ते परवडेल का, हा मोठा प्रश्न आहे. सरकारी शाळेत शुल्क नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांची भाषेची चाचणी होते आणि गरजेनुसार त्यांना जास्तीत जास्त दोन वर्षे विशेष दर्जा देऊन भाषेच्या स्वतंत्र वर्गात किंवा तासांना बसवले जाते. आठ वर्षांची मुले नवी भाषा फार लवकर बोलू लागतात, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मात्र एक सावधगिरी हवी: येथे प्राथमिक शाळा चारच वर्षांची आहे आणि दहाव्या वर्षी माध्यमिक शाळेचा प्रकार ठरतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांहून अधिक राहण्याचा विचार असेल तर जर्मनला उशीर करू नये.

घरांच्या प्रकारांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण येथे नव्याने येणाऱ्यांचा गोंधळ होतो. व्हिएन्नातली भाडी युरोपातल्या इतर मोठ्या राजधान्यांच्या मानाने आटोक्यात आहेत, असे तुम्ही वाचले असेल. त्याचे मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या समाजवादी नगरपालिकेत आहे. १९२३ पासून तिने घरबांधणीसाठी खास कर बसवला, ज्याचा भार आलिशान घरांवर सर्वाधिक होता, आणि १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरे बांधली. हाइलिगेनश्टाट येथील कार्ल-मार्क्स-होफ ही १९३० सालची, एक किलोमीटरहून लांब इमारत त्यांपैकीच. यू-४ च्या शेवटच्या स्थानकासमोर ती उभी आहे आणि राजवाड्यांइतकीच पाहण्यासारखी आहे, असे माझे मत आहे. आज नगरपालिकेकडे सुमारे २,२०,००० घरे आहेत. परंतु ही घरे तुम्हाला आल्याआल्या मिळणार नाहीत, कारण त्यांसाठी शहरातल्या वास्तव्याच्या कालावधीच्या आणि निवास दर्जाच्या अटी आहेत. गृहनिर्माण संस्थांची घरे हा मधला पर्याय आहे. तेथे सुरुवातीला मोठी रक्कम भरावी लागते, मासिक भाडे कमी असते, आणि घर सोडताना ती रक्कम दरवर्षी एक टक्का वजा करून परत मिळते. नियम संस्थेगणिक बदलतात, म्हणून चौकशी करून ठेवण्यास हरकत नाही. पहिले घर मात्र बहुतेकांना खासगी बाजारातूनच घ्यावे लागते.

खासगी घरांत 'आल्टबाऊ' म्हणजे जुनी, उंच छतांची, लाकडी जमिनीची घरे, आणि 'नॉयबाऊ' म्हणजे नंतरची. जुनी घरे देखणी असतात, पण हिवाळ्यात गॅसचे बिल किती येते हे आधीच्या भाडेकरूकडून कळले तर उत्तम. जाहिरातीतल्या भाड्यात इमारतीचा देखभाल खर्च धरला आहे का ते पाहावे. वीज आणि हीटिंग सहसा वेगळे असते. अनामत रक्कम बहुधा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते. जुलै २०२३ पासून दलालाचे शुल्क ज्याने त्याला नेमले त्याने द्यायचे आहे, त्यामुळे घरमालकाने नेमलेला दलाल तुमच्याकडे पैसे मागत असेल तर लेखी कारण विचारा. मुदतीचा करार किमान तीन वर्षांचा, आणि घरमालक व्यावसायिक असेल तर २०२६ पासून किमान पाच वर्षांचा असतो हे ऐकून लोक घाबरतात, पण भाडेकायद्याच्या कक्षेतील घरात एक वर्ष झाल्यानंतर तीन महिन्यांची सूचना देऊन भाडेकरूला बाहेर पडता येते. आणि घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, 'किल्ली टपालाने पाठवतो' असे सांगणाऱ्या कोणालाही एक युरोसुद्धा पाठवू नये. भारतातून घर पक्के करण्याच्या घाईत असलेली माणसे याच सापळ्यात अडकतात. तुमच्याकडे पहिला महिना हाताशी आहे, त्याचा उपयोग करा.

पहिल्या आठवड्यातले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे निवासाची नोंदणी. राहायला आल्यापासून तीन दिवसांच्या आत घर देणाऱ्याची सही असलेला अर्ज बेझिर्कच्या कार्यालयात द्यावा लागतो, आणि मिळणारा कागद, 'मेल्डेत्सेटेल', पुढे बँक, शाळा, फोन, परवाना अशा प्रत्येक ठिकाणी मागितला जातो. त्यासाठी पैसे पडत नाहीत. कंपनीच्या तात्पुरत्या सदनिकेसाठीही ही नोंदणी करावी लागते आणि घर बदलल्यावर पुन्हा करावी लागते, म्हणून सही कोण देणार हे निघण्यापूर्वी कंपनीला विचारून ठेवा. अर्जावर धर्माचा रकाना पाहून अनेक जण दचकतात. मान्यताप्राप्त चर्चना त्यांच्या सदस्यांकडून वर्गणी घ्यायची असते, त्यासाठी तो आहे, तुमच्या परवान्याशी त्याचा संबंध नाही. सासूसासरे तुमच्या घरी तीन दिवसांहून अधिक राहणार असल्याने त्यांचीही नोंदणी आणि जाताना नोंद रद्द करणे आवश्यक आहे. हॉटेलात उतरणाऱ्यांचे काम हॉटेलच करते. आरोग्यविम्याचे ई-कार्ड नोकरीच्या नोंदणीतून येते. तातडीच्या नसलेल्या आजारपणात १४५० वर आणि रुग्णवाहिकेसाठी १४४ वर फोन करावा.

वाहतुकीसाठी वार्षिक पास घ्यावा. २०१२ पासून २०२५ अखेरपर्यंत त्याची किंमत ३६५ युरो होती, २०२६ पासून ती वाढली आहे, तरीही शहरात राहणाऱ्याला तो परवडतोच. मेट्रो स्थानकांवर फाटके नाहीत, पण साध्या वेशातले तपासनीस असतात. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर असल्याने पासधारकालाही तेवढ्या टप्प्याचे जादा तिकीट लागते. तेथून येताना हिरव्या जलदगाडीच्या जाहिराती सर्वत्र दिसतील. साधी एस-७ लोकल त्याच व्हीन मिट्टे स्थानकात आणखी साधारण दहा मिनिटांत पोहोचते आणि तिचे भाडे फारच कमी असते.

पाणी विकत घेऊ नका. १८७३ आणि १९१० साली बांधलेल्या दोन जलवाहिन्यांतून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी येथे गुरुत्वाकर्षणाने येते आणि तेच प्रत्येक नळाला असते. बाटल्यांचे ओझे चार मजले चढवणारी नवी कुटुंबे पाहिली की मला राहवत नाही. रविवारी दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात. अपवाद मोठ्या रेल्वेस्थानकांतल्या काही दुकानांचा. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता अपेक्षित असते, तेव्हा वाटण-घाटण शनिवारीच उरकावे. कुकरच्या शिट्टीबद्दल शेजाऱ्यांना एकदा समजावून सांगितले तर ते सहसा कुतूहलानेच ऐकतात. लिफ्टमध्ये, दुकानात आणि डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात शिरताना 'ग्र्यूस गॉट' म्हणण्याची पद्धत आहे, ते न म्हणणे उद्धटपणा समजला जातो. डाळी, पिठे, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. केरळमधून १९७० च्या दशकात परिचारिका म्हणून आलेल्या स्त्रियांच्या कुटुंबांमुळे या शहरातली भारतीय वस्ती जुनी आहे.

आता सासूसासऱ्यांचे दहा दिवस. डिसेंबरच्या उत्तरार्धात साडेतीनला ऊन उतरते आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेरचे सकाळी आणि आतले दुपारनंतर, एवढे पथ्य पाळले तरी बरेच साधते. पहिल्या दिवशी त्यांना चालवू नका. ऑपेरापासून १ क्रमांकाची ट्राम घेऊन संसद आणि विद्यापीठावरून श्वेडनप्लाट्सपर्यंत जा आणि तेथून २ क्रमांकाने परत ऑपेराशी या. रिंगची फेरी अशी, बसल्या जागी, अर्ध्या तासात पूर्ण होते. पहिल्याच दिवशी कार्लस्प्लाट्सवरचे व्हीन म्युझिअम पाहावे, कारण शहराचा इतिहास एका इमारतीत समजतो आणि कायमस्वरूपी प्रदर्शन विनामूल्य आहे. मुलीला राष्ट्रीय संग्रहालयांतही तिकीट लागत नाही, कारण १९ वर्षांखालील सर्वांना तेथे मोफत प्रवेश आहे. तुम्ही स्वतः व्हीन म्युझिअम आल्याआल्या ऑक्टोबरमध्येच पाहिलेत तर अधिक चांगले.

श्यॉनब्रुन या शाही महालाच्या बागेत जायला पैसे लागत नाहीत. महालाच्या आत जाण्याचे तिकीट वेळेसह आधी काढावे. श्टेफान्सडोम या मुख्य चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, म्हणून ज्येष्ठांना उत्तर मनोऱ्यावर न्यावे, तेथे लिफ्ट आहे. नाताळचे बाजार एकदा पाहावेत. नगरभवनासमोरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गर्दीचा असतो, श्पिटेलबेर्गच्या गल्ल्यांतला मला अधिक आवडतो. मी पाहुण्यांना न चुकता युडेनप्लाट्सवरही नेते. १९३८ पूर्वी या शहरात जवळजवळ दोन लाख ज्यू राहत होते आणि नाझी राजवटीत ऑस्ट्रियातल्या ६५,००० हून अधिक ज्यूंची हत्या झाली. त्यांचे स्मारक २००० सालापासून तेथे आहे. संगीत आणि केक एवढ्यावरच व्हिएन्ना संपवणे मला योग्य वाटत नाही.

सासूसासरे शाकाहारी असतील तर उपाहारगृहात सूप कशाच्या रश्श्यात केले आहे हे विचारावे, कारण भाज्यांच्या सुपातही गोमांसाचा रस्सा असू शकतो. अंडे चालत नसेल तर केकचा मोह सोडावा लागेल. कॉफीगृह मात्र कोणतेही चालेल. प्रसिद्ध कॅफेबाहेर थंडीत रांग लावण्यापेक्षा तुमच्या घराजवळचे गाठा. एका कॉफीवर दोन तास बसले तरी तेथे कोणी उठवत नाही, आणि सोबत पाण्याचा पेला येतो. नववर्षदिनाच्या फिलहार्मोनिक मैफलीची तिकिटे बरेच महिने आधी सोडतीने दिली जातात, तेव्हा ती या वर्षीच्या बेतात धरू नये. ऑपेरात उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे असतात, ती तुम्हा दोघांसाठी ठीक आहेत, ज्येष्ठांसाठी नाहीत.

२४ डिसेंबरला दुकाने दुपारीच बंद होतात आणि २५ व २६ ला सुट्टी असते. त्या वर्षी लगतचा रविवार कुठे येतो ते पाहून दूध, भाज्या, ब्रेड आणि ज्येष्ठांची रोजची औषधे २३ तारखेलाच भरून ठेवा.